जवळच्या शाळेतली जागा



आज आपण शाळेतल्या जागेबद्दल बोलणार आहोत. ज्या लेकराला ऐकू येत नाही, दिसत नाही, चालता येत नाही, किंवा ज्याची समज वयाच्या मानानं हळू वाढते, त्या लेकराला वर्गात बसायला मिळणारी जागा. बाकीच्या मुलांना सहावं वर्ष लागलं की आई गावच्या शाळेत जाऊन नाव घालून येते. या लेकरांच्या आईला मात्र आधी चार जणींना विचारावं लागतं, "ह्याले कोन्ती शाळा घेईन वो बाई?"

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न जरा जास्तच अवघड होतो. जिल्हा लांबरुंद आहे, तालुके तेरा. इकडे सिंदखेड राजा आणि लोणार मराठवाड्याला टेकलेले, तर तिकडे जळगाव जामोद आणि संग्रामपूर सातपुड्याच्या पायथ्याशी. मलकापूर, नांदुरा, शेगाव रेल्वेच्या मार्गावर आहेत, पण जिल्ह्याच्या गावाला, खुद्द बुलढाण्याला, रेल्वे नाही. मोताळ्याकडून बुलढाण्याला यायचं तर राजूरचा घाट चढा, खामगावाकडून यायचं तर बोथ्याचा घाट. धडधाकट माणसाचासुद्धा एका कामात अख्खा दिवस जातो. मग चालता न येणारं लेकरू कडेवर घेऊन आईनं रोज कुठवर जावं?

आम्हाला आज एकच गोष्ट नीट उलगडून सांगायची आहे. विशेष शाळा कमी आणि लांब आहेत, हे खरंच आहे. पण कायद्यानं प्रत्येक लेकराची एक जागा त्याच्या जवळच्या शाळेतही ठेवली आहे. ती जागा कागदावर आहे, वर्गात मात्र सापडत नाही. ती का सापडत नाही आणि मिळवायला काय करावं लागतं, ते आज पाहू.

ही लेकरं कोणती?

आधी नावांचं बोलू. आपल्याकडे अजून मुकं, बहिरं, येडं, लंगडं असे शब्द सहज तोंडात येतात. ते शब्द ऐकत लेकरू मोठं होतं. सरकारी कागदावर आता 'विशेष गरजा असणारी बालकं' किंवा 'दिव्यांग' असे शब्द असतात. 'मतिमंद' याच्या जागी 'बौद्धिक अक्षमता' म्हणतात, 'मुकंबहिरं' याच्या जागी 'कर्णबधिर'. जुन्या शाळांच्या पाट्यांवर मात्र जुनेच शब्द दिसतील, त्यामुळे दोन्ही माहीत असलेले बरे.

१९९५ सालच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला आणि हे प्रकार २१ झाले. त्यात अंधत्व, कमी दिसणं, बहिरेपणा, हातापायाचं अपंगत्व हे तर आहेतच. शिवाय सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हातपाय कडक किंवा ढिले पडणं, ते आहे. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे. वाचण्यालिहिण्यातली विशेष अडचण आहे. आपल्या विदर्भात ज्याचे रुग्ण आढळतात तो सिकलसेलही आहे.

ही यादी सांगायचं कारण असं की बऱ्याच लेकरांची अडचण वरून दिसत नाही. चौथीत गेलं तरी अक्षरं उलटी लिहितं, म्हणून ज्याला आपण 'ढ' म्हणतो, त्याला वाचनाचीच वेगळी अडचण असू शकते. जे हाक मारली तर वळून पाहत नाही, ते आगाऊ नसेल, त्याला एका कानानं कमी ऐकू येत असेल. अशी लेकरं पटावर असतात, वर्गात मागच्या ओळीत बसतात, आणि पाचवी-सहावीत हळूच गळतात. त्यांना कुणी शाळेतून काढत नाही. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, एवढंच.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या ५ ते १९ वयाच्या दिव्यांग मुलामुलींची मोजणी झाली. त्यांपैकी ६१ टक्के तेव्हा शिकत होती. २७ टक्के शाळेत कधीच गेलेली नव्हती. म्हणजे चार लेकरांतल्या एकाहून जास्त लेकरांनी शाळेचा उंबरा ओलांडलेलाच नव्हता.

विशेष शाळा असते कशी?

आपल्याकडे दिव्यांग मुलांसाठी वेगळ्या शाळा बऱ्याच वर्षांपासून आहेत. महाराष्ट्रात यांतल्या बहुतेक शाळा स्वयंसेवी संस्था चालवतात. काहींना सरकारचं अनुदान असतं, काहींना नसतं. शेगावला श्री गजानन महाराज संस्थानाच्या सेवाकार्यात अशा मुलांचं विद्यालय आहे, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत असेल. या शाळांचा कारभार आधी समाज कल्याण खात्याकडे होता. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याणाचं वेगळं खातं झालं, आणि कारभार तिकडे गेला.

पण "जिल्ह्यात विशेष शाळा आहे" एवढं ऐकून आईचा प्रश्न सुटत नाही. का, ते पाहा.

पहिलं म्हणजे, विशेष शाळा प्रकारानुसार असते. अंध मुलांची वेगळी, कर्णबधिर मुलांची वेगळी, बौद्धिक अक्षमता असलेल्यांची वेगळी, हातापायानं अधू असलेल्यांची वेगळी. तुमच्या तालुक्यात कर्णबधिर मुलांची शाळा असेल आणि तुमची मुलगी अंध असेल, तर त्या शाळेचा तिला काही उपयोग नाही. तिथं ब्रेल शिकवणारं कुणी नसणार.

दुसरं, प्रत्येक शाळेची मुलांची संख्या ठरलेली असते. तेवढी भरली की पुढच्या लेकराला थांबावं लागतं. तिसरं, रोज जाणं-येणं जमत नसेल तर निवासी शाळाच हवी. मग सहा-सात वर्षांचं लेकरू, ज्याला दुखलं-खुपलं सांगता येत नाही, ते वसतिगृहात ठेवायचं का, हा प्रश्न येतो. मुलगी असेल तर घरातले सगळे जण आणखी घाबरतात. तिची काळजी खरी असते, पण त्या काळजीपायी मुलीचं शिक्षण मुलाच्या आधी थांबतं, हेही खरं आहे.

म्हणून जागेची टंचाई नुसत्या शाळा मोजून कळत नाही. आपल्या लेकराच्या प्रकारची शाळा, झेपेल एवढ्या अंतरावर, रिकाम्या जागेसह आणि भरवशाच्या वसतिगृहासह आहे का, असं विचारावं लागतं. या सगळ्या गोष्टी एका ठिकाणी जुळल्या तरच लेकराला खरी जागा मिळाली म्हणायची.

आणि चांगलं शिकवणारं कुणी मिळालं तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्याच विभागात आहे. अमरावती जिल्ह्यात वझ्झर इथं शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपलं नाव देऊन वाढवलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथंच वाढलेली माला पापळकर जन्मापासून अंध. ती ब्रेल शिकली, पुढं पदवीपर्यंत गेली, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली. तिच्या पाठीशी सख्खे आईबाप नव्हते. लिपी शिकवणारं माणूस होतं आणि शिकायला जागा होती. आपल्या लेकरांना आईबाप असतात, शिकवणारं माणूस आणि जागा मात्र सापडत नाही.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंत मोफत शिक्षण, तेही जवळच्या शाळेत. आपल्या राज्याच्या नियमात जवळची म्हणजे पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत. या कायद्यात 'धडधाकट मूल' असा शब्द नाही. प्रत्येक मूल म्हणजे प्रत्येक मूल. २०१२ साली दुरुस्ती होऊन दिव्यांग मुलांचा उल्लेख त्यात स्पष्टपणे आला.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणखी पुढं जातो. ज्याचं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे, अशा लेकराला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत जायचं की विशेष शाळेत, ही निवड त्या मुलाची, म्हणजे घरच्यांची. मुख्याध्यापकांची नाही. शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारतीत आणि संडासापर्यंत त्याला पोचता येईल असं करायचं, त्याला लागेल ती सोय करायची, आणि येण्याजाण्याची व्यवस्था करायची, असं हा कायदा सांगतो.

आता शाळेत गेल्यावर काय ऐकायला मिळतं? "आमच्याकडे असा शिक्षक नाही." "बाकीच्या मुलांना त्रास होईल." "पुढच्या वर्षी बघू, जरा मोठं होऊ द्या." "आधी प्रमाणपत्र आणा." यांतलं एकही कारण प्रवेश नाकारायला चालत नाही. गावच्या शाळेत नाव घालायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. मुलाची परीक्षा घेऊन प्रवेश ठरवायला मनाई आहे. वयाचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. वर्षाच्या मधेच गेलात तरी नाव घ्यावं लागतं. लेकरू दहा वर्षांचं झालं आणि शाळेत कधी गेलंच नाही, तरी त्याला पहिलीत न बसवता वयाला साजेल अशा वर्गात बसवून वेगळी तयारी करून घ्यायची, असंही कायद्यात आहे.

आणखी एक बाब बऱ्याच जणींना माहीत नसते. विनाअनुदानित खाजगी शाळांमध्ये पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात. वंचित घटकात दिव्यांग मुलंही येतात, आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तिथं मात्र ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं.

दहा लेकरांमागे एक, की दहा शाळांमागे एक?

एवढा कायदा आहे, तर मग अडतं कुठं? सगळ्यात आधी अडतं शिक्षकापाशी.

गावच्या शाळेतल्या सर-मॅडमनी डी.एड. केलेलं असतं. पण खुणांची भाषा, ब्रेल, स्वमग्न लेकराला कसं शांत करायचं, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला अंक कसे शिकवायचे, हे वेगळं शिक्षण आहे. ते घेतलेल्यांना विशेष शिक्षक म्हणतात. दोन शिक्षकी शाळेत, जिथं एका खोलीत दोन-तीन वर्ग बसतात, तिथं गुरुजींची इच्छा असली तरी एकट्याला हे जमत नाही. त्यांच्याशी भांडण्याआधी ही गोष्ट आपण समजून घ्यायला हवी.

मुलांमागे किती विशेष शिक्षक असावेत, यावर सर्वोच्च न्यायालयानं २८ ऑक्टोबर २०२१ ला निकाल दिला. हे प्रमाण ठरवायला त्यानं केंद्र सरकारला सांगितलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रमाण घातलं: पहिली ते पाचवीला अशा दहा मुलांमागे एक, आणि त्याच्या वर पंधरा मुलांमागे एक. तरी पदं भरली जाईनात, म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं पुन्हा राज्यांना पदं जाहीर करून भरायला सांगितलं.

आपल्या राज्यात काय आहे? समग्र शिक्षा योजनेत फिरते विशेष शिक्षक होते, तेही वर्षानुवर्षं कंत्राटावर. २०२४ मध्ये राज्य सरकारनं दर केंद्राला एक या हिशेबानं विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. हे पाऊल चांगलंच आहे. पण केंद्र म्हणजे काय? आसपासच्या साधारण दहा शाळांचा मिळून एक गट, ज्याचे केंद्रप्रमुख असतात. म्हणजे कायदा म्हणतो दहा लेकरांमागे एक शिक्षक, आणि पद मंजूर झालं ते दहा शाळांमागे एक.

हा हिशेब आपल्या पद्धतीनं मांडून पाहा. आठवड्यात शाळेचे दिवस सहा. शाळा दहा. प्रत्येक शाळेची पाळी पंधरा दिवसांतून एकदा-दोनदा येणार. त्यात अंध मूल एक, कर्णबधिर दोन, बौद्धिक अक्षमता असलेली तीन-चार. शिक्षकाचं शिक्षण बहुधा एकाच प्रकारचं. पंधरा दिवसांनी एकदा येऊन कुणी आपल्याला शिलाई मशीन शिकवली, तर बाही लावायला कधी शिकणार आपण? तसंच या लेकरांचं होतं. पटावर नाव असतं, शिकणं मात्र पुढं सरकत नाही. मग आईच कंटाळून म्हणते, "राहू द्या घरीच."

वाट आणि आईची मजुरी

दुसरं अडतं वाटेवर. एसटीत दिव्यांग प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला, सगळ्याच बायांना, अर्धं तिकीट आहे. म्हणजे तिकिटाचा भार हलका झाला. पण बस गावात येते का, शाळेच्या वेळेला येते का, तिच्या पायऱ्या चढता येतात का, हे तिकिटात येत नाही. आणि लेकराला सोडून परत यायचं, पुन्हा आणायला जायचं, यात आईचा दिवस जातो. सोयाबीनची सोंगणी असो की कपाशीची वेचणी, त्या दिवसाची मजुरी बुडते. तिच्यावर कुठली सवलत नाही.

समजा, एखाद्या गावातली बाई लेकराला दोन बस बदलून विशेष शाळेत नेते. पहिला महिना ती जाते. दुसऱ्या महिन्यात वावरातलं काम निघतं, आठवडाभर खाडा पडतो. तिसऱ्या महिन्यात घरचे म्हणतात, "एवढं करून तो काय कलेक्टर होनार हाय का?" पोराची शाळा सुटते, आणि सगळे म्हणतात आईनंच सोडली. शाळा लांब असण्याची किंमत अशी एकट्या बाईच्या अंगावर पडते.

यासाठी योजनेत पैसे ठेवलेले आहेत. समग्र शिक्षेत विशेष गरजा असणाऱ्या दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. त्यातून साहित्य, येण्याजाण्याचा भत्ता, मदतनीस भत्ता, ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांची पुस्तकं असे खर्च धरलेले असतात. मुलींना याशिवाय दरमहा २०० रुपये, वर्षातले दहा महिने, प्रोत्साहन भत्ता आहे. ही रक्कम मोठी नाही. पण ज्या लेकराची नोंदच झाली नाही, त्याच्या नावावर एक रुपयाही येत नाही. म्हणून शाळेत नाव आणि त्या नावापुढं त्याच्या गरजेची नोंद, या दोन्ही गोष्टी हव्यात.

घरी शिकवायचं, पण कधी?

काही लेकरांना खरंच अंथरुणातून हलता येत नाही. बहुविकलांग किंवा अतितीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी कायद्यात गृहाधारित शिक्षणाची सोय आहे. यात मुलाचं नाव गावच्या शाळेच्या पटावर राहतं आणि विशेष शिक्षक घरी येऊन शिकवतात. आईलाही शिकवतात. लेकराला जेवू कसं घालायचं, बसवायचं कसं, खुणेनं 'हो' आणि 'नाही' कसं सांगायला लावायचं.

पण इथं सावध राहा. ही निवड आईबापांची आणि मुलाची आहे, शाळेनं लादायची नाही. जे लेकरू तीनचाकीवर बसून शाळेत येऊ शकतं, त्याला "घरीच शिकवू" असं म्हटलं तर विचारा, "घरी कोण येणार? आठवड्यातून किती वेळा? ते लिहून द्या." शिक्षक आलेच नाहीत तर घरचं शिक्षण म्हणजे नुसतं घरी बसणं होतं. शिवाय लेकराला चार मुलांत बसायला मिळतं, त्यांचं खेळणं, भांडणं, एकत्र खिचडी खाणं, हे घरी कुणी आणून देऊ शकत नाही. बाकीच्या मुलांनाही त्यातून काही मिळतं. ज्याच्या वर्गात चाकाच्या खुर्चीवरचा मित्र होता, तो मोठा झाल्यावर अशा माणसाकडे टक लावून पाहत नाही.

आपण काय करायचं?

आता कामाचं. एकेक पायरी सांगतो, वहीत लिहून ठेवा.

सुरुवात सहाव्या वर्षी करू नका, अंगणवाडीपासून करा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा तपासणीला यायला हवं. पथक कधी येणार ते अंगणवाडी ताईंना विचारा आणि त्या दिवशी लेकराला मजुरीवर सोबत नेऊ नका. ऐकण्याची अडचण दुसऱ्या वर्षी कळली आणि यंत्र मिळालं, तर लेकरू बोलायला शिकू शकतं. तीच सातव्या वर्षी कळली तर पुष्कळ काळ हातून गेलेला असतो.

मग प्रमाणपत्र. दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं वैश्विक ओळखपत्र, ज्याला आपण यूडीआयडी कार्ड म्हणतो, त्याचा अर्ज स्वावलंबन नावाच्या सरकारी पोर्टलवर भरतात. सेतू केंद्रात मदत मिळेल. एसटीची सवलत, शिष्यवृत्ती, पेन्शन, पुढं नोकरी, सगळीकडे हेच कार्ड लागतं. प्रवेश मात्र त्यासाठी थांबवू नका. नाव आधी घाला, कार्ड मागून येईल.

प्रवेशासाठी तोंडी विचारू नका, अर्ज द्या. साध्या कागदावर लेकराचं नाव, वय, कोणत्या वर्गात प्रवेश हवा आणि त्याला कोणती मदत लागेल, एवढं लिहा. दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. तोंडी 'नाही' म्हणणं सोपं असतं, लिहून 'नाही' देणं कुणालाही जड जातं. अर्धी कामं इथंच होतात.

नाही झालं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, ते पंचायत समितीत बसतात. गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम कोण पाहतं तेही विचारा, कारण विशेष शिक्षक, साहित्य आणि भत्ते यांचा धागा तिथं आहे. पुढं जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. शिक्षण हक्क कायद्यात लेखी तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावायची मुदत आहे, आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. पुण्याला दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथंही अर्ज पाठवता येतो.

शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या बाया असायला हव्यात. तिथं दिव्यांग मुलाच्या आईला निवडून द्या. मग उतार कुठं बांधायचा, संडासाचं दार रुंद कसं करायचं, हे ठरवताना जिला रोजची अडचण माहीत आहे तीच बोलायला असेल.

ग्रामसभेतही एक हक्काचा पैसा आहे. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हा पैसा कशावर गेला, हे विचारा. लहान ग्रामपंचायतीत ही रक्कम थोडी असते, पण शाळेच्या दाराशी उतार किंवा एखाद्या लेकराला चाकाची खुर्ची, एवढं त्यातून होऊ शकतं.

आणि शेवटी गटाचं काम. ज्या आईला लेकरू शाळेत पोचवायचं आहे, तिच्यासाठी आळीपाळी लावता येते. दहा जणींच्या गटात एकीच्या वाट्याला महिन्याला दोन-तीन दिवस येतात. शाळेत अर्ज द्यायला एकटी बाई गेली तर तिला बाहेर थांबवतात, पाच जणी गेल्या तर खुर्ची देतात. वावरातलं काम असताना दुसऱ्याच्या लेकरासाठी दिवस मोडणं सोपं नाही, ते आम्हाला कळतं. पण विशेष शिक्षकाची पदं भरेपर्यंत त्या लेकराचं वय थांबणार नाही.

दहावी-बारावीपर्यंत पोचलेल्या मुलांसाठीही एक सांगणं. बोर्डाच्या परीक्षेत दिव्यांग मुलांना लेखनिक, जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत आधीच अर्ज जावा लागतो, म्हणून नववीतच शाळेत बोलून ठेवा.

मागायचं ते नेमकं मागू

सगळं लेकरू गावच्या शाळेतच बसलं पाहिजे, असं आम्ही म्हणत नाही. काही लेकरांना विशेष शाळाच लागते. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा बोलणारी दुसरी मुलं भेटतात, अंध मुलीला ब्रेल रोज वाचायला मिळतं, याचं मोल मोठं आहे. म्हणून आपली मागणी दुहेरी असू द्या. तालुक्यापर्यंत प्रत्येक प्रकारच्या मुलांना शिकायची सोय, मुलींसाठी सुरक्षित वसतिगृह, आणि ज्यांना रोज जाता येतं त्यांच्यासाठी गाडी. आणि गावच्या शाळेत कायद्यानं ठरवलं त्या प्रमाणात विशेष शिक्षक. दोन्हींतलं एक मिळालं म्हणून दुसरं सोडायचं नाही.

मागणी करायची तर आकडा हवा. सरकारी यादीत आपल्या गावातली सगळी लेकरं असतील, असं धरून चालू नका. ज्या घरात लेकरू पाहुण्यांसमोर आत बसवलं जातं, त्या घराची माहिती आशाताईला असते, शेजारणीला असते, म्हणजे आपल्याला असते. येत्या महिन्यात गावात घरोघर फिरून एक यादी करा. नाव, वय, अडचण कोणती, शाळेत नाव आहे का, आणि असेल तर मागच्या महिन्यात किती दिवस गेलं. त्या घरात पाऊल टाकताना कीव घेऊन जाऊ नका, त्या आईला आधी तिचं लेकरू काय काय करतं ते विचारा. यादीची एक प्रत शाळेत द्या, एक गट साधन केंद्रात, एक ग्रामसभेत, आणि तिन्हींवर पोच घ्या.

पुढच्या भागात यूडीआयडी कार्डाचा अर्ज ओळ ओळ कसा भरायचा, ते सांगू. तोवर यादीचं काम सुरू करा. नमस्कार.